इसवी सनापूर्वी ५० मध्ये कुणाला 'आज कुठलं साल चाललंय?' असं विचारलं असतं, तर त्याने काय सांगितलं असतं?

कुठे विचारताय त्यावर सगळं होतं.

रोममध्ये विचारलंत तर आकडा मिळालाच नसता. तिथे दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडून यायचे आणि वर्ष त्यांच्याच नावाने ओळखलं जायचं. इ.स.पू. ५० म्हणजे 'पाउलुस आणि मार्केलुस कॉन्सल होते ते वर्ष'. दारूचंही तसंच, इ.स.पू. १२१ ची दारू त्या सालच्या ओपिमियुस नावाच्या कॉन्सलवरून पुढे कित्येक वर्षं नावाजलेली होती. इ.स.पू. ५९ मध्ये जुलियस सीझरने आपल्या जोडीदाराला, बिबुलुसला, इतकं बाजूला सारलं की तो घराबाहेर पडेनासा झाला. मग टवाळखोर म्हणू लागले, हे तर 'जुलियस आणि सीझर' यांचं वर्ष! 'रोमच्या स्थापनेपासून अमुकवं वर्ष' ही मोजणी शालेय पुस्तकांत ऐटीत दिसते खरी, पण रोजच्या व्यवहारात तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

माणसाचं नाव वर्षाला द्यायची पद्धत रोमच्या कितीतरी आधीची. अश्शूरच्या राज्यात (आजचा उत्तर इराक) दरवर्षी एका बड्या अधिकाऱ्याचं नाव लागायचं आणि त्यांच्या याद्या ठेवल्या जायच्या. बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे नोंद आहे: अश्शूर शहरात बंड, सिमानु महिन्यात सूर्यग्रहण. गणिताने ते ग्रहण १५ जून इ.स.पू. ७६३ चं निघालं, आणि त्या एका ओळीच्या आधाराने मागची-पुढची नावं आपल्या सनावळीत बसवता आली.

त्याहून जुन्या बाबिलोनमध्ये वर्षाला घटनेचं नाव असे. हम्मुराबीने ४३ वर्षं राज्य केलं, त्यामुळे नावंही ४३. दुसऱ्या वर्षाचं नाव 'राजाने देशात न्याय प्रस्थापित केला ते वर्ष'. ऐकायला झकास, पण कर्जाच्या पाटीवर हे लिहिलेलं असेल तर व्याज किती वर्षांचं लावणार? यादी काढून नावं मोजायची! त्याच्याही आधी, सुमेरमधल्या उर राज्याचे कारकून नवं नाव ठरलेलं नसलं की 'अमुक घडलं त्याच्या पुढचं वर्ष' असं लिहून मोकळे व्हायचे.

राजाच्या कारकिर्दीची वर्षं मोजणं त्या मानाने सोपं, पण राजा बदलला की पुन्हा एकपासून सुरुवात. हे चक्र सेल्युकसच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतर बाबिलोनवर राज्य करणाऱ्या त्याच्या सेनापतीच्या, घराण्यात थांबलं. त्याची गणना इ.स.पू. ३१२-३११ पासूनची. इ.स.पू. २८१ मध्ये तो मारला गेला आणि मुलगा अँटिओकस याने आपला नवा आकडा न काढता बापाचाच पुढे चालू ठेवला. माझ्या मते कालगणनेतली सर्वांत मोठी उडी हीच, आणि तीही नवीन काही न केल्यामुळे! म्हणून तुमच्या इ.स.पू. ५० मध्ये बाबिलोनच्या लेखनिकाने सरळ २६२ सांगितलं असतं. तोवर राज्य इराणच्या पार्थियनांचं झालं होतं आणि त्यांची गणना इ.स.पू. २४७ ची, त्यामुळे तो दोन्ही लिहायचा: 'वर्ष १९८, म्हणजेच २६२'.

आपल्याकडे सातवाहन मात्र राज्यवर्षांवरच राहिले. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीची आजी गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यावर काळ दिलाय तो असा: राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं संवत्सर १९, ग्रीष्माचा पक्ष २, दिवस १३. महिन्याचं नावच नाही, ऋतू आणि त्यातला पंधरवडा. दिवस इतका नेमका, पण हे एकोणिसावं वर्ष इसवी सनात कुठे बसवायचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सातवाहनांचा शत्रू, क्षत्रप राजा नहपान, याच्या काळातल्या लेखांत ४१, ४२, ४५ आणि जुन्नरला ४६ असे आकडे येतात. हे शक गणनेचे धरायचे की त्याच्या राज्याचे, यावरून सातवाहनांचा सगळा काळ मागेपुढे सरकतो.

बादामीचा चालुक्य राजा पहिला पुलकेशी याच्या लेखात 'शकवर्ष ४६५' असं स्पष्ट येतं, म्हणजे इ.स. ५४३, आणि तिथे वादाला जागाच उरत नाही. आपल्या पंचांगाने तर आकडा आणि नाव दोन्ही ठेवलंय: २०२५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालं ते शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. नुसत्या नावावर भागत नाही, कारण ६० वर्षांनी तेच नाव परत येतं.