पोराचा दोष नाही म्हणता, मग कोणाचा? (वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. मी सावद्याची, घरची केळीची बाग आहे. प्रश्न माझा नाही, माझ्या धाकट्या बहिणीचा. ती न्यू जर्सीत असते. 2011 ला ती आणि मेहुणे व्हिजिटर व्हिसावर गेले, सोबत चार वर्षांचा पोरगा, तिकडे ओळखीतल्या एकाच्या दुकानात मेहुण्यांना काम मिळालं आणि मग राहूच थोडं, राहूच थोडं करत व्हिसा केव्हा संपला ते संपला, ते आलेच नाहीत. 2013 ला मुलगी झाली, ती तिकडची सिटिझन. पोरगा आता 18 चा झाला. त्याला गेल्या वर्षीपर्यंत काही माहीतच नव्हतं, कॉलेजच्या मदतीचा फॉर्म भरायला बसला तर त्यात नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर मागत होते (आपल्या आधारसारखा, बिनाकागद माणसाला तो मिळत नाही), त्याने आईला हाक मारली की मम्मी माझा नंबर सांग. ती म्हणते ताई मी कणीक मळत होते, हात तसाच राहिला परातीत.

आता ती तिथल्या आयांच्या एका ग्रुपमध्ये जाते, बहुतेक मेक्सिकोकडच्या बाया, चर्चच्या हॉलमध्ये जमतात, पोरांना कायदेशीर कागद द्या म्हणून बोर्ड घेऊन उभ्या राहतात. तिला आता माईकवर बोलायचंय. मला भीती वाटते. मागे भरताची वांगी भाजताना घरातला धुराचा भोंगा वाजला आणि शेजारी बघायला आला तर घरातले चौघं लाईट बंद करून गप्प बसले होते, अशी त्यांची हालत. आणि इकडे फॅमिली ग्रुपवर नातेवाईक लिहितात, नियम मोडायचे आणि वर हक्क मागायचे. मी काय उत्तर देऊ? आणि आमची मोठी माय 81 ची आहे, तिला नातू बघायचाय. तो एकदा येऊन परत जाऊ शकतो का?

उत्तर : आधी शेवटचं सांगते कारण त्याला घाई आहे. येऊ शकतो, परत जाणं अवघड. तिकडचा 1996 चा एक कायदा आहे, त्यात बिनाकागद 180 दिवसांच्या वर राहून बाहेर पडलं की तीन वर्षं बंदी आणि एक वर्ष किंवा जास्त राहून बाहेर पडलं की दहा वर्षं. पण या मोजणीत 18 व्या वाढदिवसाआधीचे दिवस धरत नाहीत. म्हणजे 18 पूर्ण झाल्यावर 180 दिवसांच्या आत तो निघाला तर ती बंदी त्याला लागत नाही, आणि 19 ओलांडून निघाला तर थेट दहा वर्षं. आता तुम्ही म्हणाल मग आत्ताच बोलवून घेते! थांबा. बंदी नाही लागली तरी परत जायला नवा व्हिसा लागतो, आणि आईबाप तिकडे बिनाकागद बसलेत हे दिसत असताना व्हिसा देणारा साहेब हा पोरगा शिकून परत येईल यावर विश्वास का ठेवेल. त्यामुळे तो आलाच तर इथे राहायच्या तयारीने येईल, मोठ्या मायला भेटायला म्हणून नाही. निर्णय त्यांचा, पण तारीख आधी वकिलाकडून मोजून घ्या. आणि त्याचा भारतीय पासपोर्ट संपू देऊ नका, तो तिकडच्या आपल्या कॉन्सुलेटमधून रिन्यू होतो, अमेरिकेचा व्हिसा संपला म्हणून भारत आपला पासपोर्ट नाकारत नाही. लोक घाबरून हेच काम टाळतात.

आता त्याला 17 वर्षांपर्यंत कळलंच कसं नाही. कारण शाळा. 1982 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्लायलर केसमध्ये सांगितलं की कागद नाहीत म्हणून लेकराला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. त्यामुळे शाळा सुरळीत, झेंड्यासमोर उभं राहून शपथ म्हणणं सुरळीत, आणि बारावीच्या टोकाला एकदम भिंत. न्यू जर्सी तशी बरी म्हणायची, तिथे अशा पोरांना 2013 च्या कायद्याने कॉलेजची राज्यातल्या पोरांइतकीच फी लागते, राज्याच्या मदतीचा वेगळा अर्ज 2018 पासून आहे, त्या फॉर्मला तो नंबर लागत नाही. बहिणीला म्हणा केंद्र सरकारचा फॉर्म बंद करून तो शोध.

तुमच्या मनात डाका (DACA) असेल, म्हणजे लहानपणी आणलेल्या बिनाकागद पोरांना बाहेर न काढण्याची सवलत, सगळ्यांनाच ते नाव माहीत असतं. ओबामांच्या काळात 15 जून 2012 ला ती सवलत आली, दोन दोन वर्षांचं वर्क परमिट, आठ लाखांवर पोरांना मिळाली. पण अट अशी की 15 जून 2007 पासून सलग तिथेच राहत असला पाहिजे. तुमचा भाचा 2011 चा, म्हणजे बसत नाही. चार वर्षांनी हुकला. आणि बसला असता तरी 2021 पासून कोर्टाने नवे अर्ज अडवून धरलेत. या पोरांना कायमचे कागद मिळावेत म्हणून जो ड्रीम अ‍ॅक्ट म्हणतात तो पहिल्यांदा 2001 ला आला, डर्बिन डेमोक्रॅट आणि हॅच रिपब्लिकन असे दोन सेनेटर मिळून. 2010 च्या डिसेंबरात खालच्या सभागृहात पास झाला आणि सेनेटमध्ये 55 मतं पडली, लागत होती 60. पाच मतांनी गेलं. तेव्हापासून नवनवीन नावाने येतो आणि अडकतो, आणि 2001 ला ज्या पोरांसाठी तो लिहिला त्यांची स्वतःची पोरं आता शाळेत जातात.

आता तुमचा खरा प्रश्न, आणि यावर मी दोन दिवस विचार केला. या सगळ्या मागणीत एक वाक्य सारखं येतं, पोरांचा काही दोष नाही, त्यांना आणलं गेलं. ऐकायला बरं वाटतं, मतं पण त्याच वाक्यावर मिळतात. पण पोराचा नाही तर मग कोणाचा? ते वाक्य न बोलता आईकडे बोट दाखवतं. आणि बोर्ड घेऊन उभी कोण? तीच आई. तुमची बहीण माईकवर जाऊन हेच बोलणार आहे की आणलं मी, सोडा त्याला. नातेवाईकांना हे दिसत नाही, त्यांना वाटतं ही स्वतःसाठी मागतेय.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, 2014 ला असं झालेलं आहे. ड्रीमर्स मॉम्स नावाने एकत्र आलेल्या बाया त्या नोव्हेंबरात व्हाइट हाऊससमोर उपोषणाला बसल्या होत्या. 20 नोव्हेंबरला ओबामांनी आईबापांसाठी सवलत जाहीर केली, पण कोणत्या आईबापांसाठी? ज्यांचं एखादं पोर सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालं (कायम राहायचा परवाना असलेलं) आहे त्यांच्यासाठी. ज्यांची पोरं फक्त डाकावर, त्या आया बाहेर. ज्या पोरांचं नाव घेऊन बसल्या त्याच पोरांमुळे त्यांना काही मिळालं नाही, आणि ती सवलतही लागू झालीच नाही, टेक्सासच्या कोर्टाने थांबवली, 2016 ला सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांची मतं 4-4 अशी सारखी पडली, म्हणून ती थांबलेलीच राहिली आणि संपलं. तुमच्या बहिणीच्या घरात तर उलटाच मामला आहे. ती व्हिसावर रीतसर आत गेलेली आहे त्यामुळे मुलगी 21 ची झाली की, म्हणजे 2034 ला, आईबापांसाठी अर्ज करू शकते, आजच्या कायद्याने ओव्हरस्टे (व्हिसा संपल्यावर राहणं) असला तरी तिथेच ग्रीन कार्डचा मार्ग असतो. पण भावासाठी तो मार्ग नाही, भावंडांच्या रांगेला कितीक वर्षं लागतात आणि तिथे ओव्हरस्टे माफ होत नाही. म्हणजे आईला वाट आहे, पोराला नाही, आणि आई आपली वाट धोक्यात घालून पोरासाठी बोलायला निघालीय. हे लिहा तुमच्या ग्रुपवर.

नियम मोडला का, हो मोडला. मी ते झाकत नाही आणि तुम्हीही झाकू नका, व्हिसा संपल्यावर राहणं चूकच. पण आपल्याकडे आदिवासी पोराला जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, आजोबा शाळेतच गेले नाहीत तर कागद कुठून आणायचा, आणि माय सेतूच्या लाईनीत दोन दोन दिवस उभी असते, तेव्हा आपल्यालाच वाटतं ना की आजोबाच्या कागदासाठी नातवाची अ‍ॅडमिशन का जावी. प्रकार वेगळा आहे, तिकडे चूक झालेली आहे इकडे चूकच नाही. पण पोराच्या बाजूने बघितलं तर दोघांच्या हातात सारखाच रिकामा फोल्डर.

बोलू दे का नको? माझं मत, जाऊ दे पण माईक नको, निदान आत्ता नको. हॉलमध्ये बसावं, बोर्ड रंगवावेत, फोन करावेत, आणि तिची गोष्ट ग्रुपमधल्या एखाद्या सिटिझन बाईने नाव न घेता वाचावी. स्वतःच्या तोंडाने नाव सांगून आम्ही व्हिसा संपल्यावर राहिलो हे कॅमेऱ्यासमोर बोललं की ते कायमचं रेकॉर्ड होतं. फोटो, पत्ता, दुकानाचं नाव काही टाकायचं नाही. आणि बोलण्याच्या आधी हे काम, 12 वर्षांच्या मुलीला उद्या कोण सांभाळणार याचा गार्डियनचा कागद वकिलाकडून करून ठेवणे, मुलीचा अमेरिकन पासपोर्ट आणि आपलं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) करून ठेवणे. घरात कोणाचा फोन नंबर पाठ आहे तेही बघा, आजकाल पोरांना कोणाचाच पाठ नसतो.

प्रश्न : माझी लेक-जावई टेक्सासला एच वन बी वर (नोकरीचा व्हिसा), सगळं कायदेशीर. नात पाच वर्षांची असताना गेली, आता 20 ची. पुढच्या वर्षी तिला देश सोडावा लागेल म्हणतात, हे खरं का? बिनाकागद पोरांसाठी एवढं चाललंय, आमच्या नातीने टॅक्स भरणाऱ्या बापाच्या घरी जन्म घेऊन काय पाप केलं? — एक आजी, धुळे

उत्तर : आजी, राग बरोबर आहे पण त्या पोरांवर काढू नका. 21 झाल्यावर एच फोर, म्हणजे एच वन बी वाल्यांच्या लेकरांचा व्हिसा, संपतो हे खरं. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्ड, त्यात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारताची रांग हलत नाही आणि लेकरं रांगेतच मोठी होतात. 2002 चा एक कायदा वयातून काही दिवस वजा करतो, पण इतक्या लांब रांगेत त्याचा फायदा थोड्यांनाच होतो. आणि गंमत बघा, डाकाला अट होती की 15 जून 2012 ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसलं पाहिजे! म्हणजे नियम पाळणाऱ्यांची पोरं तिथून पण बाहेर. या पोरांसाठी 2021 ला अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट मांडला, तो पास झालेला नाही. वाढदिवसाच्या आधी, चांगले सहा-आठ महिने आधी, स्टुडंट व्हिसाकडे बदलायचा अर्ज टाका. लेकीला म्हणा या दोन्हीकडच्या आयांनी एकाच हॉलमध्ये बसायला हरकत नाही.

प्रश्न : चोपड्याजवळचे आम्ही. एजंट म्हणतो दोन एकर विका, मेक्सिकोमार्गे नेतो, आठ वर्षांच्या पोराला सोबत घ्या, लहान पोरांना तिकडे लगेच कागद मिळतात, तसा कायदाच आहे. खरं का ताई? मिस्टर तयार झालेत.

उत्तर : खोटं. असा कायदा नाही. वर लिहिलंय ते मिस्टरांना वाचून दाखवा, जी एक सवलत आहे ती 2007 च्या आधीपासून तिथे असलेल्यांना, नवीन अर्ज बंद, आणि कायदा होण्याची वाट बघणारे 2001 पासून बघतायत. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं त्यात 104 जण होते, बाया-लेकरं पण होती आणि महाराष्ट्राचे पण तिघं होते. वावर विकू नका. टोकन दिलं असेल तर उद्याच एजंटकडे पावती मागा, कशाबद्दल पैसे घेतले ते त्याच्या सहीनिशी लिहून द्या म्हणा, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.