राळेचा मलम खाज-सुजेवर खरंच चालतो का? घरी कसा करायचा?

कोरड्या, भेगाळलेल्या कातडीच्या खाजेवर चालतो. पण राळ म्हणजे सालवृक्षाचा वाळलेला डिंक. तुम्ही राळ म्हणून जे आणलंय ते राळ आहे का, हे आधी बघा. माझं सगळं भांडण तिथेच आहे.

खानदेशात तालुक्याच्या गावी आमचं काष्ठौषधींचं दुकान. आप्पा गल्ल्यावर आणि शाळा सुटली की मी पोत्यांमध्ये. राळ, गुग्गुळ, हिराबोळ, सालईचा डिंक, ऊद... डोळे मिटून वासावरून ओळखायचं, चुकलं की आप्पांची टपली. दादाला त्या वासाने शिंका यायच्या. दुकान अर्थातच दादाला मिळालं.

थंडी पडली की आप्पा मलम करायचे. चार भाग तिळाचं तेल, एक भाग राळेची वस्त्रगाळ पूड. मंद आचेवर विरघळली की फडक्यातून गाळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि परातीत पाणी घेऊन त्यात ओतायचं. पुढचं काम माझं. तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, परत फेटायचं. सुरुवातीला ते तपकिरी, चिकट, बोटं सोडत नाही. सात-आठ पाणी झाली की पालटतं आणि लोण्याच्या गोळ्यासारखं पांढरं, हलकं, गार होतं. पायाच्या भेगांसाठी बायका वाटी घेऊनच यायच्या. ठणकणारी टाचही रात्रीतून निवायची.

आप्पा गेल्यावर दादाने एकदा मला नाशिकला डबी पाठवली. मी भक्तिभावाने टाचांना चोपडला. तिसऱ्या दिवशी टाचा लालबुंद, पाण्याचे बारीक फोड आणि अशी खाज की रात्री जात्याच्या खुंट्यावर पाय घासले. फोनवर दादा म्हणाला, "तुझ्या अंगात उष्णता आहे. सब्जा पी."

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी ॲलर्जी तपासायला पाठीवर चकत्या चिकटवल्या आणि 48 तासांनी काढल्या. एकाच चकतीखाली लाल, फुगलेला चौकोन आला होता. कोलोफनी. म्हणजे रोझिन. चिडाच्या (पाइनच्या) झाडाच्या डिंकातून टर्पेंटाइन उडवून काढलं की मागे उरतं ते. जखमेच्या चिकटपट्टीत, केस काढायच्या वॅक्समध्ये, सोल्डरिंगच्या तारेत, व्हायोलिनच्या गजावर घासायच्या खड्यात हेच असतं. त्याची ॲलर्जी इतकी नेहमीची की तपासणीच्या ठरलेल्या यादीत ते असतंच.

राळ सालवृक्षाची. तो आपल्या सह्याद्रीत नाही, माल छत्तीसगड-झारखंडकडून येतो. तिची ढेकळं ओबडधोबड, फिकट पिवळट ते तपकिरी, धुरकट असतात. रोझिन काचेसारखं फुटतं, मधाच्या रंगाचं, आरपार दिसतं आणि मुठीत धरलं की चिकटायला लागतं.

मी गावी गेले, पोत्यात हात घातला, खडा काढून उजेडात धरला. पलीकडची खिडकी दिसली. दादा म्हणाला, "राळ म्हणजे राळ. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" मी डॉक्टरांचा कागद गल्ल्यावर ठेवला. वहिनी म्हणाल्या, "ताई, आधी जेवून घ्या." तेव्हापासून हा विषय निघाला की घरात जेवायलाच वाढतात.

आता तुमच्या सुजेचं. सांध्यांची सूज असेल तर चोळण्यापेक्षा सालई गुग्गुळ, म्हणजे सालईचा डिंक, बघा. आपल्या सातपुड्यातलं झाड आहे. त्यातली बोसवेलिक आम्लं शरीरात सूज वाढवणारे पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. नागपुरात गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर याच्या अर्काची चाचणी झाली होती, ती 2003 साली छापून आली. दुखणं आणि सूज दोन्ही कमी झाली. चाचणी लहान आहे, पण दादाच्या सब्ज्यापेक्षा बरी. नुसत्या गुग्गुळाची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या अर्काची चाचणी कोलेस्टेरॉलसाठी झाली. कोलेस्टेरॉल उतरलं नाहीच, उलट काहींच्या अंगावर पुरळ आलं. तेव्हा 'झाडाचं आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्याला बिब्बा लावून दाखव म्हणावं. उतला की कळेल. धोब्यांनी बिब्ब्याने खुणा केलेल्या कपड्यांमुळेही माणसं खाजवत बसायची.

आणि खाजेचं म्हणाल, तर खाज कशाची आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. कोरडी, भेगाळलेली कातडी असेल तर मलमाने आराम पडतो, त्यात तेलाचा वाटाही मोठा. गजकर्ण, खरूज असेल तर काही उपयोग नाही, नुसते दिवस जातील. ओल्या जखमेवर लावू नका. मधुमेह असेल तर टाचेच्या भेगांवर घरगुती काहीच नको, डॉक्टरांना दाखवा. खरी राळसुद्धा एखाद्याला लागू शकते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस थांबा. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. तेलाला आच मोठी करू नका, राळ भडकते.

राळ पूड करून विकत घेऊ नका, पुडीत काहीही खपतं. ढेकूळ मागा, फोडायला लावा, उजेडात धरा. दुकानदार 'राळ म्हणजे राळ' म्हणाला तर सरळ पायरी उतरा. मला ते जमलं नाही, गल्ल्यावर भाऊ होता.