मोझांबिकच्या तुरीमुळे लातूरला भाव पडतो का?

पडतो, पण सगळा दोष तिच्या माथी मारू नका. भारत-मोझांबिक करार २०१६ चा. त्यात सुरुवातीला वर्षाला १ लाख टन तूर तिकडून आणायची ठरली, ती पुढे २ लाखांवर गेली. आपलं उत्पादन ३५ लाख टनांच्या आसपास असतं, म्हणजे खरी गोम आकड्यात नाही, वेळेत आहे. तिकडची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. मोझांबिकच्या नकाला बंदरातून निघालेला माल दिवाळीच्या आगेमागे मुंबईत उतरतो. आपली तूर डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यावर येते, तोवर दालमिलवाल्यांची गोदामं बऱ्यापैकी भरलेली असतात. मग खरेदीची घाई कोण करणार?

तिकडे तूर फारशी खात नाहीत, पिकते ती मुख्यतः आपल्यासाठीच. दीवचे गुजराती व्यापारी पोर्तुगीज काळापासून त्या किनाऱ्यावर आहेत, त्यामुळे ओळखीपाळखी जुन्या. २०२३ अखेर नकालात निर्यातीच्या वादात माल अडकला, तेव्हा इथले आडतेसुद्धा त्या बंदराच्या बातम्या विचारत होते!

मुंबईच्या भावपत्रकात ‘गजरी’ म्हणजे आफ्रिकेची, ‘लेमन’ म्हणजे म्यानमारची. ऑक्टोबरपासून हे दोन भाव बघत जा. हमीभावाने द्यायची असेल तर नोंदणी आधी करा आणि तूर नीट वाळवा. ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदी केंद्रावरून पोती परत येतात.