इंजिन बांधायचं की आयतं घ्यायचं?
भावा, गाडीला सुटे भाग जमवून इंजिन बांधायचं की तयार जुनं घ्यायचं, हे ठरवण्याआधी सांग, गाडी पळवायचीय का इंजिन शिकायचंय? नुसतं पळवायचंच असेल तर आयतं घे. मारुतीच्या जिप्सी-एस्टीममधलं १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन बघ. पैसे देण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर आल्यावर आत तयार होणारा दाब) मोजून घे. एखादं बरंच कमी भरलं तर सरळ निघून ये, घासाघीस करत बसू नको.

बांधायचंच असेल तर पिस्टन-कॅमच्या किमती जोडून खर्च काढू नको. घोडं अडतं मशीनिंगपाशी. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत लेथवाले भरपूर, पण ब्लॉक नीट बोअर-होन करून (सिलिंडर मापात कोरून-घासून) क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, बॅलन्स करणारा माणूस वेगळा. तो आधी गाठ, सामान नंतर घे. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नको, क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, त्या पिस्टनच्याच मापाने ठेवतात. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला जागाही जास्त लागते. सकाळी थंड इंजिन थोडं खडखडलं तर घाबरू नको.

जास्त ताकदीसाठी कॉम्प्रेशन वाढवताना आपला मे महिना डोळ्यासमोर ठेव. त्या उन्हात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) लवकर सुरू होतं. म्हणून इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचे पैसे आधीच बाजूला काढ.

इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. बिलाशिवाय कुणाचंही इंजिन उचलू नको, कितीही स्वस्त असू दे.