वाचकांचे प्रश्न: नाटकाच्या शेजारी अस्वल

प्रश्न (अमळनेरहून एक काका): पुतणी इंग्रजीत एम.ए. करतेय, घरात दिवसभर शेक्सपिअर चालू असतो. परवा म्हणे त्याच्या थेटरच्या बाजूलाच अस्वलावर कुत्रे सोडायचे आणि तेच पब्लिक दोन्हीकडे जायचं. आम्हाला तर मास्तरांनी शिकवलेलं, इंग्रज म्हणजे लय कल्चरवाले. पोरगी फेकतेय का?

उत्तर: नाही काका, पोरगी खरं बोलतेय, उलट तुम्हाला तिनं थोडं कमीच सांगितलं. लंडनच्या शहरवाल्यांना नाटकं डोळ्यासमोर नको होती, म्हणून थेटरवाले त्यांच्या हद्दीबाहेर गेले आणि थेम्स नदीच्या दक्षिण काठाला बँकसाइड नावाचा भाग आहे तिथं अस्वलाचा आखाडा, दारूचे गुत्ते, वेश्यावस्ती सगळं आधीच होतं, त्यात 1599 ला ग्लोब थेटर येऊन बसलं. तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलाच असाल, एकीकडे घोडेबाजार, दुसरीकडे तमाशाचा तंबू, मध्ये पाळणे आणि मौत का कुआँ, माणूस तोच आणि खिसाही तोच, तसंच समजा.

रेटसुद्धा सारखाच. 1 पेनी दिली की उघड्यावर उभं राहून बघायचं, अजून 1 दिली की गॅलरीत चढायचं, मग आत नाटक असो की अस्वल. चांगल्या कारागिराची दिवसाची मजुरी साधारण 12 पेनी होती, म्हणजे गरिबालाही परवडेल असा खेळ. आणि धंद्यात चुरस इतकी की नाटकांमुळे अस्वलवाल्यांचा गल्ला पडतोय म्हणून 1591 मध्ये सरकारनं हुकूम काढला, गुरुवारी नाटकं बंद ठेवा! आता बोला.

यातली खरी मजा मालकांची आहे. हेन्स्लो आणि त्याचा जावई ॲलन हे दोघं थेटरवाले, ॲलन तर त्या काळचा टॉपचा नट, आणि 1604 ला दोघांनी मिळून राजाच्या अस्वलांचा कारभार बघायचं अधिकृत पद विकत घेतलं. पुढं 1614 ला हेन्स्लोनं होप नावाचं थेटर बांधलं त्याचं स्टेजच उचलून बाजूला ठेवता यायचं, आज नाटक, उद्या अस्वल. प्रेक्षकांना वास मात्र दोन्ही दिवशी तोच. ॲलननं कमावलेल्या पैशातून 1619 ला डलिचला शाळा काढली, ती आजही चालू आहे.

खेळ काय असायचा, तर अस्वल खांबाला साखळीनं बांधायचं आणि मोठाले मॅस्टिफ कुत्रे सोडायचे, एक जखमी झाला की दुसरा. अस्वलांना नावं होती, सॅकरसन, हॅरी हंक्स, आपल्याकडे कुस्तीच्या फडात पैलवानांची नावं घेतात तशी लोक घ्यायचे. 1598 ला हेन्ट्झनर नावाचा एक जर्मन प्रवासी आला होता, त्यानं लिहून ठेवलंय की एका आंधळ्या अस्वलाभोवती पाच-सहा जण चाबूक घेऊन गोल उभे राहायचे आणि फटके मारायचे, साखळीमुळं त्याला पळता यायचं नाही, पण हाताशी आलेला माणूस ते आडवा करायचं आणि चाबूक हिसकावून मोडून टाकायचं. मी लहानपणी दारावर दरवेशी यायचा तेव्हा अस्वलाच्या नाकातली दोरी बघून आजीच्या मागं लपायचो, त्यामुळं हे वाचताना अस्वलानं चाबूक मोडला तिथं मनातल्या मनात शिट्टी मारली हे कबूल करतो.

राणी एलिझाबेथलाही हा खेळ आवडायचा. 1575 ला केनिलवर्थच्या किल्ल्यात तिच्यासमोर 13 अस्वलं आणली होती. विरोध करणारे होते, पण बऱ्याच जणांचा राग अस्वलाच्या हालांवर नव्हता, रविवारी खेळ करतात यावर होता. 13 जानेवारी 1583 ला रविवारीच लंडनच्या अस्वलाच्या आखाड्यातला सज्जा कोसळून आठ माणसं मेली, मग काय, पाद्री म्हणाले बघा, देवानं दाखवलं. कायद्यानं हा प्रकार बंद व्हायला मात्र 1835 उजाडलं.

प्रश्न (जळगावहून एक ताई): शेक्सपिअरच्या नाटकात तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे का?

उत्तर: हो ताई, आवाज न फुटलेली किंवा नुकतीच मिसरूड फुटायला लागलेली पोरं. बायका तिथल्या धंदेवाईक स्टेजवर आल्या त्या 1660 नंतर. तुमच्या गावात तर बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृहच आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू.

प्रश्न (चोपड्याहून एक भाऊ): आमच्याकडं आखाजीला पत्ते चालतात, एरवी बाप काठी घेऊन मागं लागतो. इंग्रजांकडं असं काही होतं का भो?

उत्तर: होतं ना भो, आणि तिकडं तर तो कायदाच होता! इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं 1541 ला काढलेला. मजूर, शिकाऊ कारागीर, नोकर यांनी पत्ते, फासे, टेनिस, बोल्स (गोळे घरंगळवायचा खेळ) काहीच खेळायचं नाही, फक्त नाताळात आणि तेही मालकाच्या घरात किंवा त्याच्या नजरेसमोर. एरवी सापडला तर 20 शिलिंग दंड, म्हणजे कारागिराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीवर पाणी. कारण काय, तर लोकांनी धनुष्यबाण सोडून हेच खेळत बसायला नको, लढाईला तिरंदाज कुठून आणायचे. सात वर्षांच्या पोरालाही बापानं धनुष्य आणि दोन बाण घेऊन द्यायचे असा नियम होता. ज्याच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला 100 पाउंड तो मात्र आपल्या घरात नोकरांना परवानगी देऊ शकायचा. आणि हेन्री स्वतः? टेनिसचा शौकीन, वर व्हाइटहॉलच्या राजवाड्यात कोंबड्यांच्या झुंजीसाठी खास जागा बांधून घेतलेली. तुमचा बाप निदान स्वतः तरी पत्ते खेळत नसेल.

प्रश्न (एरंडोलचा एक विद्यार्थी): सर, त्या काळात क्रिकेट होतं का?

उत्तर: होतं बेटा, पण पोरासोरांचा खेळ म्हणून. पक्की नोंद मिळते ती कोर्टाच्या कागदात. गिल्डफर्ड गावात एका जमिनीच्या तुकड्यावरून वाद होता, तिथं 1598 च्या जानेवारीत जॉन डेरिक नावाच्या 59 वर्षांच्या माणसानं साक्ष दिली की मी शाळेत असताना याच जागेवर आम्ही पोरं क्रिकेट खेळायचो. हिशोब केला तर ते 1550 च्या आसपासचं होतं. म्हणजे क्रिकेटचा सगळ्यात जुना पुरावा सापडला तो जागेच्या भांडणात, आपल्याकडं तालुक्याच्या कोर्टात बांधाच्या भांडणाच्या फायली पडलेल्या असतात त्यातही काय काय सापडेल देव जाणे.