'यार्न' आणि 'थ्रेड' या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय? दोन्ही म्हणजे धागाच ना?

डिक्शनरीत दोन्हींसमोर 'धागा' दिलाय, मुलाखतीत विचारलं तर काय सांगू, आणि इमेलच्या माळेला थ्रेड म्हणतात तर यार्न का म्हणत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. या दोन शब्दांपायी माझ्या पगारातून सहा महिने पैसे कापले गेलेत.

फरक सांगून टाकतो. मागावर चढतं ते यार्न, सुईत ओवतात तो थ्रेड. मराठीत सूत आणि दोरा. आपल्याकडं दोन सरळ शब्द असताना डिक्शनरीवाल्यांनी दोघांना 'धागा' नावाच्या एका पोत्यात कोंबलं. यात इंग्रजीचा काही दोष नाही.

आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा. तेलुगू घरांत मागाचं सूत म्हणजे नूलू आणि शिवायचा दोरा म्हणजे दारम. शाळेची पायरी न चढलेली आजी कांडी भरायला बसली की नूलू म्हणते आणि नातवाच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं की दारम मागते. तिची चूक होत नाही. चूक होते ती कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या साहेबांची. त्यावरच येतो.

२००८ साली मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला होतो. पार्ट्यांचे मेल वाचायचे, मराठीत उतरवून खाली शेडमध्ये कागद द्यायचा, हे माझं काम. परदेशातली एक ऑर्डर आली. तीनशे डझन टॉवेल, पांढरे, दोन्ही टोकांना नेव्ही ब्ल्यू बॉर्डर. मेलमध्ये खाली एक ओळ होती : थ्रेड नेव्ही, बॉर्डरशी मॅचिंग. मला जरा खटकलं. बॉर्डरचं सूत नेव्ही आहेच, मग बॉर्डरशी मॅचिंग म्हणजे काय? मेल घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेलो. म्हणलं, सर, हे थ्रेड म्हणजे सूतच की दुसरं काही? त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "यार्न काय, थ्रेड काय, सेम थिंग. सिनॉनिम आहेत. पुढचं बघ."

मी पुढचं बघितलं. डाइंगला सूत पाठवलं, शेड मॅच करून घेतली, बॉर्डर अशी सुरेख उठली की मास्तर स्वतः खूश. माल विणून झाला, कापला, हेमिंगला गेला. चारी कडा पांढऱ्या दोऱ्यानं शिवल्या. माल जायच्या आधी पार्टीचा तपासणीवाला आला. त्यानं पहिला टॉवेल उचलला, बॉर्डरकडं बघितलंसुद्धा नाही, कडेची शिलाई अंगठ्यानं उलटी केली आणि मेलची प्रिंट माझ्यासमोर धरली. थ्रेडखाली त्याच्या बॉलपेनची रेघ होती. त्यांना शिलाई नेव्ही हवी होती.

तीनशे डझन म्हणजे ३६०० टॉवेल. प्रत्येकाच्या चार कडा. तुम्ही कधी टेरी टॉवेलची, म्हणजे अंगावर सुताचे लूप असलेल्या टॉवेलची, शिलाई उसवली आहे का? साध्या कापडाची टीप ओढली की सर्रकन निघते. टेरीत टाका लूपच्या आत बुडलेला असतो. ब्लेडचं टोक घालून एकेक टाका उचलावा लागतो, आणि हात जरा घसरला की लूप कापला जातो, मग तो टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालात. अकरा दिवस बायका खाली बसून तेच करत होत्या. जमिनीवर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे इतके साचले होते की पायाला चिकटून ते जेवणाच्या डब्यापर्यंत जायचे. त्यांची जादा मजुरी, खराब झालेले नग, उशिराचा दंड. शेठनी विचारलं, मेल कुणी वाचला? साहेब म्हणाले, "भाषांतर यानं केलं." आणि ते खरंच होतं, म्हणून मला बोलता येईना. महिन्याला सातशे रुपये कापले.

ज्या गावाच्या टॉवेलला जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळालाय, त्या गावात, दोन शब्दांमुळं.

आता 'सेम थिंग' का नाही ते ऐका. दोरा म्हणजे नुसतं बारीक सूत नव्हे. दोन-तीन पदर घट्ट पिळून, वर मेणाचा किंवा तेलकट फिनिशचा हात देऊन तो शिलाईसाठीच बनवलेला असतो. मशीन चालू असताना दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कित्येकदा पुढं-मागं घासतो. मागावरचं साधं एकपदरी सूत मशीनला लावून बघा, वीतभर शिलाई होणार नाही. उलट टॉवेलच्या लूपला कमी पिळाचं, मऊ सूत लागतं, नाहीतर टॉवेल पाणी पिणार नाही. तिथं शिवायचा दोरा घातलात तर अंग पुसताय की भांडं घासताय ते कळायचं नाही.

मोजायची रीतही वेगळी. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात. वीस बसल्या तर २० काउंट, चाळीस बसल्या तर ४०. आकडा वाढला की सूत बारीक. शिलाईच्या रिळावर टिकिट नंबर असतो, तो हिशोब निराळा.

आणि बेडशीटच्या पाकिटावर 'थ्रेड काउंट ३००' लिहितात तो तिसराच प्रकार. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. सूत कुठल्या जाडीचं आहे ते त्यात कळत नाही. आमच्या त्या साहेबांनी यार्न काउंट आणि थ्रेड काउंटही एकच मानले असते, मी विचारायला गेलो नाही इतकंच.

इथं तुम्ही मला पकडाल. थ्रेड शिवायचा असेल तर कापडाचा थ्रेड काउंट कसा? बरोबर आहे. विणलेल्या कापडातल्या एकेका धाग्याला इंग्रजीत थ्रेडच म्हणतात. म्हणजे वर सांगितलेला नियम शंभर टक्के नाही. कोनवर, म्हणजे सुताच्या रिळावर आहे, विकत घेताय, विणणार आहात, तोवर यार्न. कापडात बसल्यावर एकेक मोजायला गेलात की थ्रेड. स्वेटरची लोकरही यार्नच. शिवाय पदर दोन दिसले म्हणून लगेच थ्रेड समजू नका. टॉवेलच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, टू-ट्वेंटी वापरतात, म्हणजे २० काउंटचे दोन पदर पिळलेले, पण ते सूतच.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते माझ्या बाजूनं नाही. हेमिंगला माल गेला त्या दिवशी शिलाईवरची अक्का वर ऑफिसच्या दारात येऊन विचारून गेली होती, "दादा, दोरा निळा लावू का पांढरा?" तिनं दोरा म्हटलं होतं, सूत नाही. टॉवेल पांढरा म्हणून मी सांगितलं, पांढराच लाव की. मेल माझ्यासमोर उघडा होता. तेव्हा सातशेतले थोडे माझ्या खात्यावर धरा. पण सगळे नाहीत.

इमेलचं म्हणाल तर, थ्रेडचं एक टोक धरून या पत्रावरून त्या पत्रावर जाता येतं, म्हणून तो थ्रेड. मराठीत आपण बोलण्याचा धागा धरतो, तसंच. इंग्रजीत यार्नला लांबलचक गप्पा असाही अर्थ आहे, खलाशांच्या बोलीतून आलेला. आता तुम्ही जे वाचताय ते बहुतेक तेच.

मुलाखतीत विचारलं तर सूत आणि दोरा डोक्यात ठेवून उत्तर द्या, चुकणार नाही. नोकरी लागल्यावर एखादे साहेब 'सेम थिंग' म्हणाले तर वाद घालू नका. तेवढंच मेलवर लिहून मागा.