अकरा हारी आणि एक उडता हीट्रान

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की रात्री जेवण झाल्यावर मी पोकेमॉनचे आडवाटेचे फॉरमॅट, म्हणजे वेगळ्या नियमांचे खेळ, खेळतो, त्यावर आपल्या सोलापुरातूनच एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकला. ज्यांना पोकेमॉन म्हणजे फक्त कार्टूनमधला पिवळा पिकाचू आणि चिप्सच्या पुड्यातले टॅझो एवढंच आठवतं त्यांनी पान उलटलं तरी राग नाही, पण दुसरा प्रश्न वाचाच, तो एका आईचा आहे.

प्रश्न : दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापूरला राहतो. शोडाउनवर दोन वर्षं ओयू खेळतोय आणि रेटिंग बरं आहे. परवा 'ऑलमोस्ट एनी अॅबिलिटी' नावाचा फॉरमॅट दिसला म्हणून गेलो तर सलग ११ मॅच हरलो. कुणाला विचारावं तर तिथे सगळे इंग्रजीत बोलतात आणि सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात असं वाटतं. आपण मध्येच काय बोलणार? सोडून देऊ का?

अकराच? मी तर पहिल्याच आठवड्यात मोजायचं सोडलं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. शोडाउन म्हणजे ब्राउझरमध्ये फुकट चालणारा पोकेमॉन लढतीचा सिम्युलेटर, २०११ पासून आहे, गेम किंवा कन्सोल विकत घ्यावा लागत नाही, सहा पोकेमॉनची टीम बनवा आणि भिडा, मैदानात एका वेळी एक, मध्येच बदलता येतो. ओयू (ओव्हरयूज्ड) हा तिथला मुख्य रस्ता, म्हणजे सगळ्यात रुळलेला फॉरमॅट, आणि त्याचे नियम ठरवते स्मोगन नावाची खेळाडूंची कम्युनिटी, जी २००४ पासून हेच करतेय. आता पोकेमॉन एकूण १०२५, आणि प्रत्येकाला ठरलेल्या एक-दोन-तीनच अॅबिलिटी, म्हणजे अंगचे खास गुण. ऑलमोस्ट एनी अॅबिलिटीवाले म्हणतात ही अट काढून टाका, कुणालाही कुठलीही अॅबिलिटी द्या, फक्त बॅन केलेल्या सोडून. बास, एवढा एकच नियम बदलतो आणि बाकी सगळं तेच राहतं.

आणि तू हरतोयस ते बरोबर याच एका नियमामुळे. लहानपणी आमच्या बोळात एक टप्पा आउट खेळायचे, म्हणजे एक टप्पा पडल्यावर कुणी एका हातात कॅच घेतला की आउट. एकदा पार्क मैदानावर लेदर बॉलने खेळणारा एक पोरगा सुट्टीत आमच्याकडे आला, सरळ बॅटने मस्त डिफेन्स करायचा, आणि प्रत्येक वेळी त्या डिफेन्सवरच आउट व्हायचा, कारण बॉल बॅटखाली पडून अलगद एक टप्पा घेऊन फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या आठवीतल्या पोराच्या हातात. त्याचं टेक्निक चुकीचं नव्हतं, ते दुसऱ्या मैदानाचं होतं. तुझं तसंच झालंय.

समोर हीट्रान नावाचा पोकेमॉन आला. फायर आणि स्टील टाइप, म्हणजे ग्राउंड टाइपचा मूव्ह (हल्ला) त्याला ४ पट लागतो, ओयूमध्ये तुझं बोट आपोआप अर्थक्वेक या ग्राउंड मूव्हवर जातं. इथे समोरच्याने त्याला लेव्हिटेट अॅबिलिटी दिलीय, तो हवेत आहे, ग्राउंड मूव्ह लागतच नाही, तुझी एक टर्न गेली आणि त्या टर्नमध्ये त्याने तुझा अर्धा खेळ संपवला. तुझ्या ११ पैकी निम्म्या तरी मॅच अशाच कुठेतरी फिरल्या असणार, पैज लावतो. लेव्हिटेट हीट्रान मैदानात आल्यावर सांगत नाही ना की माझ्याकडे हे आहे म्हणून.

म्हणून इथे पहिल्या चार-पाच टर्न मारायच्या नसतात, वास घ्यायच्या असतात. मोठा मूव्ह मारण्याआधी यू-टर्नसारखं काहीतरी मारून बघायचं आणि बाहेर पडायचं. समोरचा पोकेमॉन ४० टक्के जिवावर असताना मैदानाबाहेर गेला आणि परत आला तेव्हा ७३ टक्के दिसला, तर त्याची अॅबिलिटी रीजनरेटर आहे, आत-बाहेर केलं की एक तृतीयांश भरतो, त्याला हळूहळू टोचत बसून काही होणार नाही. हे सगळं कागदावर लिहून ठेवायचं, मी अजूनही लिहितो, बायको विचारते दुधाचा हिशोब का, म्हटलं हो.

टीम स्वतः बनवायचा हट्ट आत्ता नको. प्रत्येक फॉरमॅटच्या सॅम्पल टीम तयार ठेवलेल्या असतात, त्यातली एक उचल आणि तिच्यावर वीस-पंचवीस मॅच खेळ, त्यात कमीपणा काही नाही. आणि बॅन लिस्ट वाच, कंटाळवाणी वाटते पण अख्ख्या फॉरमॅटचा इतिहास त्यात असतो. उदाहरणार्थ स्लेकिंग. ताकद बघितली तर मोठमोठ्या लेजेंडरींच्या पंगतीतला, अटॅक १६०, पण त्याची अॅबिलिटी ट्रूअंट, म्हणजे एक टर्न मारणार आणि पुढची टर्न लोळणार, आपल्या गल्लीतल्या नळासारखा, आज आला तर उद्या नाही. आता अॅबिलिटी बदलायची मुभा दिली की तो आळस गेला आणि खाली उरला फक्त राक्षस, म्हणून बॅन. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला पोकेमॉन का चांगला आहे हे पाठ करायची गरज पडत नाही, आपोआप दिसायला लागतं, की कुणाची अॅबिलिटी त्याच्या पायातली बेडी होती.

आता विचारायचं कसं. तुला वाटतं ते सगळे जुने मित्र आहेत आणि तू आगंतुक. थोडं खरं आहे ते. असे फॉरमॅट खेळणारे ओयूच्या मानाने मूठभर, त्यामुळे तीच तीच नावं दिसतात, पण त्याच कारणाने नवा माणूस आला की त्यांना बरं वाटतं, कारण लॅडरवर, म्हणजे रेटिंगच्या मॅचमध्ये, समोर कोणी नसेल तर खेळायचं कुणाशी? फक्त "मी हरतोय, हेल्प करा" असं लिहू नकोस, त्याला उत्तर देता येत नाही. मॅच संपली की रिप्ले सेव्ह करता येतो, त्याची लिंक चॅटरूममध्ये टाक आणि एकाच टर्नबद्दल विचार, की नवव्या टर्नला मी तोच पोकेमॉन ठेवला, बदलायला हवा होता का. एवढंच, मोडक्या इंग्रजीत चालतं, तिथे इटलीचे, फ्रान्सचे, ब्राझीलचे लोक असतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी तुझ्या-माझ्यासारखंच आहे. मी पहिल्यांदा रिप्ले टाकला तेव्हा लाजेने सगळ्यात बरी हार निवडून टाकली होती, जिच्यात मी शेवटपर्यंत टिकलो होतो. एकाने बघून विचारलं, यापेक्षा वाईट हरलेली नाहीये का, ती दे, त्यात शिकवायला जास्त मिळेल. मग दिली.

फक्त एक पाळ. मॅच चालू असताना विचारायचं नाही, त्याला घोस्टिंग म्हणतात आणि टुर्नामेंटमध्ये ते चालत नाही. आणि रेटिंगची चिंता सोड, ते १००० वर सुरू होतं आणि १००० च्या खाली जातच नाही, जमिनीवर झोपलेला माणूस खाटेवरून पडेल कसा.

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे. अभ्यास झाल्यावर तो मोबाईलवर 'हॅकमॉन्स' नावाचं काहीतरी खेळतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण हॅक हा शब्द वाचून धास्ती बसली आहे. हे बेकायदेशीर असतं का? यात पैसे जातात का? (विजापूर रोड)

ताई, शब्दच तसा आहे, तुमची काहीच चूक नाही. यात हॅकिंग नसतं. नाव असं पडलं की खऱ्या गेममध्ये जे पोकेमॉन फक्त गेमची फाईल फोडून, खाडाखोड करूनच बनवता आले असते, तसे पोकेमॉन इथे उघडपणे, नियमानेच वापरायला परवानगी आहे. नाटकातला चोर जेवढा चोर, तेवढंच हे हॅकिंग. पैसेही लागत नाहीत, टीम विकत घ्यायची नसते, जिंकल्यावर काही मिळत नाही, रेटिंगचा आकडा सोडून.

लक्ष ठेवायचं ते चॅटवर. शोडाउनवर अनोळखी लोकांशी बोलणं होतं आणि पुढे बरेच ग्रुप डिस्कॉर्ड नावाच्या चॅट अॅपवर भरतात, तिथे वय किमान १३ वर्षं हवं अशी अट आहे. मुलाने खरं नाव, शाळा, फोटो, नंबर कुठेही द्यायचा नाही एवढं ठरवून घ्या. आणि एकदा शेजारी बसून विचारा की हा असा का खेळतोय. मला खात्री आहे तो अर्धा तास थांबणार नाही, तुम्हीच म्हणाल आता पुरे.

प्रश्न : मी बॅलन्स्ड हॅकमॉन्स खेळते. इतकी भारी टीम बनवली, आणि समोरच्याची चॅन्सी येते, माझाच पोकेमॉन बनते आणि माझ्याच मूव्हने मला मारते. हे कसं थांबवायचं? दुसरं म्हणजे माझ्या युजरनेमवरून मुलगी आहे कळतं, तर काही जण खेळ सोडून भलतंच मेसेज करत बसतात. (अशोक चौक)

दुसऱ्याचं आधी. उत्तर द्यायचं नाही, इग्नोर करायचं, प्रायव्हेट मेसेज ब्लॉक करायची सोय आहे ती चालू ठेवायची, आणि घाण बोलला तर रूममधल्या मॉडरेटरला सांगायचं, ते बघतात. नाव बदलायचं की नाही ते तू ठरव, मला विचारशील तर त्यांच्यासाठी तू का बदलावंस.

आता चॅन्सी. ही गंमत मला या सगळ्या आडवाटेच्या खेळात सर्वात जास्त आवडते म्हणून जरा लांबण लावतो. इम्पोस्टर ही मुळात डिट्टो नावाच्या पोकेमॉनची अॅबिलिटी, मैदानात आला की लगेच समोरच्याचं रूप घेतो. अटॅक, स्पीड, मूव्ह, वाढवलेले बूस्ट, सगळं उचलतो, एचपी, म्हणजे जीव, मात्र स्वतःचा राहतो, आणि डिट्टोचा एचपी किरकोळ, म्हणून तो पटकन मरतो. पण बॅलन्स्ड हॅकमॉन्स, म्हणजे काही गोष्टी बॅन केलेलं हॅकमॉन्स, तिथे बॅन नसलेली कुठलीही अॅबिलिटी कुणालाही, मग लोकांनी ती चॅन्सी नाहीतर ब्लिसीला लावली, ज्यांचा बेस एचपी २५० आणि २५५ आहे. म्हणजे हत्यार तुझं आणि पोट चॅन्सीचं.

त्यामुळे इथे टीम बनवताना पहिला प्रश्न 'मी कुणाला मारू शकते' हा नसतोच, 'मला माझ्यापासून कोण वाचवणार' हा असतो. याला तिथे इम्प्रूफ (इम्पोस्टर-प्रूफ) करणं म्हणतात. आपल्याकडे दुकानात चादर घेताना आया काय करतात, घडी उलगडून उलटी बाजू बघतात, डिझाईन तेच पण रंग उलटे, आणि तिथे धागा सुटलेला असेल तर परत ठेवतात. टीमचंही तसंच बघ. सहापैकी प्रत्येकाला समोर उभं कर आणि उरलेल्या पाचांत त्याला अडवणारा कोण ते शोध. तुझा हल्लेखोर फक्त फायर मूव्ह मारत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी फ्लॅश फायर दे, त्याला फायर लागतच नाही, चॅन्सी तुझं रूप घेऊन आली की तो आत आण, बसली ती आगपेटी हातात घेऊन. आगीशिवाय दुसरा कुठला मूव्ह ठेवलास तर मात्र ही युक्ती फसते, कारण तो मूव्हही तिच्याकडे जातो. रूप घेतलेल्या मूव्हना फक्त ५ पीपी मिळतात, प्रत्येक मूव्ह पाचदाच मारता येतो, म्हणजे ओढत राहिलीस तर तिच्या गोळ्या तुझ्याआधी संपतात. तू सब्स्टिट्यूट मूव्हने उभ्या केलेल्या बाहुलीच्या मागे असशील तर इम्पोस्टर चालतच नाही. आणि अटॅक दोन-दोनदा वाढवायचा मोह आवर, ते वाढवलेलं सगळं ती फुकटात घेते.

प्रश्न : माझ्याकडे फक्त साधा फोन आहे आणि लाइट गेली की नेट जातं. जमेल का? (होटगी रोड)

जमेल. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, फक्त टीम बनवताना बोटं दुखतात, त्यामुळे टीम नोट्समध्ये टेक्स्टमध्ये लिहून इम्पोर्ट कर. सुरुवात रँडम बॅटलने कर, तिथे टीम आयती मिळते. नेट गेलं म्हणजे लगेच हरलास असं नाही, टायमर संपायच्या आत परत लॉगिन केलंस की मॅच तिथूनच पुढे. बॅन वगैरे नंतर बघू.

प्रश्न : बॅन करायचं कोण ठरवतं? दोन-चार लोकांची मनमानी वाटते. (नवी पेठ)

प्रत्येक फॉरमॅटची खेळाडूंचीच कौन्सिल असते. एखादा पोकेमॉन डोईजड वाटला तर बऱ्याचदा सस्पेक्ट टेस्ट लावतात, नवीन अकाउंटवरून लॅडर खेळून ठरलेली पातळी गाठलीस की तुलाही मत मिळतं. मनमानी वाटत असेल तर ती पातळी गाठ आणि मत दे. मी तीनदा प्रयत्न केला, एकदाच पोचलो, आणि ज्याच्या विरोधात मत दिलं तो बॅन झाला नाही.

प्रश्न : गड्ड्याच्या सुट्टीत आम्ही आठ मित्र जमणार आहोत, सगळे नवखे. आमच्यातच टुर्नामेंट ठेवायची तर कुठला फॉरमॅट? (सात रस्ता)

इन्व्हर्स ठेवा. टाइपचा तक्ता, म्हणजे कुठल्या टाइपचा मूव्ह कुणाला किती लागतो ते, उलटा होतो, जे लागत नव्हतं किंवा कमी लागत होतं ते दुप्पट लागतं, आणि जे दुप्पट लागायचं ते निम्मं. नॉर्मल मूव्ह, ज्यांना कुणी विचारत नाही, ते घोस्ट, रॉक आणि स्टीलला दुप्पट लागतात. हा काही पोरांनी काढलेला खेळ नाही, २०१३ च्या एक्स आणि वाय गेममध्ये अशा लढतींचं एक घरच होतं. यात फायदा असा की आठातला जो आधीपासून हुशार आहे त्याचीच सवय त्याला पाडेल, म्हणजे सगळे जवळपास सारखे. शोडाउनवर मित्राला चॅलेंज देताना असे जादा नियम जोडता येतात, आधी दोघांनी करून बघा.

एक आगाऊ सूचना, ब्रॅकेट कागदावर काढून भिंतीला चिकटवा, फोनवर ठेवलं की निम्मे जण मला दिसलंच नाही म्हणतात. आणि ज्याचं घर आहे त्याच्या आईला आठ जणांचं आधी सांगा.